आमच्या गल्लीचे चौदा डबे

४ नोव्हेंबर

चौदा! चौदाच्या चौदा डबे आज माझ्या ताब्यात आले. पर्यावरण विभागाच्या इंजिनिअर साहेबांनी सही घेताना दोनदा विचारलं, "तुम्हीच घेऊन जाणार? बरोबर कोणी मोठं माणूस नाही?" म्हटलं, मीच मोठं माणूस. हसले नाहीत.

डबा म्हणजे खरंच जेवणाच्या डब्याएवढा. पांढरा, खाली जाळी, आत नखाएवढा पंखा. पंखा हवा ओढतो, आतला किरण हवेतले बारीक कण मोजतो आणि दर पाच मिनिटांनी आकडा माझ्या फोनवर येतो. साठच्या आत हिरवा दिवा, वर गेलं की लाल. योजनेचं नाव हातभर लांब आहे, अर्थ एवढाच — आपली हवा आपण मोजायची. आमच्या प्रभागाची संयोजक मी. पत्रावर माझ्या नावापुढे पदवी छापली आहे! आमच्या घरात पदवी हा शब्द असलेला हा दुसराच कागद. आईने तो इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला आणि वर इस्त्रीच फिरवायला निघाली. मी किंचाळले.

बाबा म्हणाले, "हवा मोजून काय, किलोवर विकणार?"

१२ नोव्हेंबर

आठवडाभर डबे शहराच्या दुसऱ्या टोकाला, बागेतल्या सरकारी यंत्राशेजारी टांगून ठेवले होते. आपले आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळतात का ते बघायला. जुळले! दोन डबे जरा वाढवून सांगतात. किती वाढवून, ते वहीत लिहून ठेवलं. उद्यापासून वाटप.

१३ नोव्हेंबर

पाय गेले. पण सगळे डबे लागले.

ज्याच्या घरी डबा, तो त्याचा पालक — हा शब्द माझा. केस कापणाऱ्या काकांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. "यात कॅमेरा नाही ना? माझ्याकडे लोक केस कापायला कमी आणि सरकारला शिव्या घालायला जास्त येतात." औषधाच्या दुकानातल्या ताईंनी काही न विचारता खिळा ठोकला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "याला खायला-प्यायला काही?" मास्तरांनी — सातवीत मला विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त — डबा घेतलाच, शिवाय दर आठवड्याला सगळ्या नोंदी तपासायचं स्वतःहून कबूल केलं. "तू घाई करतेस. सातवीतही करायचीस."

अकरा नंबर आईला दिला. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली तिची इस्त्रीची जागा, तिथल्या खुंटीवर लटकवला. समोर रस्ता, पलीकडे बस डेपोचं फाटक. मोक्याची जागा!

१६ नोव्हेंबर

तिसऱ्या मजल्यावरचा डबा दोन दिवस तीन, चार, दोन असे आकडे देतोय. काकू राहतात गल्लीत की डोंगरमाथ्यावर? धावत वर गेले. डब्याला लोकरीची टोपी! काकूंनी स्वतः विणलेली, वर गोंडा.

"थंडीत बाहेर असतो गं बिचारा. आणि बघ, धूळसुद्धा बसत नाही!"

धूळ मोजायलाच तर बसवलाय, काकू! दोघी जिन्यात बसून हसलो. टोपी काढली. गोंडा मला दिला.

२० नोव्हेंबर

सापडलं. आधी इथे लिहिते, मग बाकी सगळं.

सकाळी पावणेपाचपर्यंत सगळी गल्ली हिरवी. मग डेपोच्या भिंतीला लागून असलेले डबे चढायला लागतात. ऐंशी, एकशे वीस, एकशे साठ. सव्वासहाला दोनशे बारा! आठनंतर उतार. आणि दुपारपर्यंत पुन्हा कशाचा पत्ता नाही. सलग सात दिवस तोच डोंगर, त्याच वेळी.

भिंतीच्या एका बाजूला डेपो. दुसऱ्या बाजूला प्राथमिक शाळा. माझीच. सात वाजता लहान मुलं पटांगणात रांगेत उभी राहतात आणि मोठ्याने पाढे म्हणतात. मोठ्याने! म्हणजे छाती भरून. मीही म्हटलेत.

आता हे थांबवायचं. बस्स.

२१ नोव्हेंबर

बाबा त्याच डेपोत फिटर आहेत. सव्वीस वर्षं. तेव्हा आधी त्यांनाच विचारलं. पावणेपाचला काय होतं तिथे?

"काय होणार? गाड्या चालू करतो."

"सगळ्या? पहिली गाडी तर साडेपाचला सुटते."

बाबांनी मला लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं. गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. जुन्या गाड्यांच्या टाकीतली हवा रात्रीतून गळते. इंजिन तासभर चालू ठेवलं की टाकी भरते. आणि एकदा चालू केलेली गाडी बंद करायची नाही, कारण बॅटऱ्या थकलेल्या — परत उठेल याची हमी नाही. म्हणून चार फिटर, चाळीस गाड्या, एका टोकाकडून सुरू. असंच चालत आलंय.

"मग त्या धुराचं काय?"

"धुराशिवाय गाडी असते होय?"

२४ नोव्हेंबर

इंजिनिअर साहेबांकडे गेले. त्यांनी माझा तक्ता पाहिला, कॅल्क्युलेटर ओढला आणि दिवसाची सरासरी काढली. चोपन्न. "मर्यादेत आहे की, ताई."

मी म्हटलं, "शाळेतली मुलं सरासरी श्वास घेत नाहीत, साहेब. सात वाजता घेतात."

आवाज चढला माझा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी टायपिंग थांबवलं. साहेबांनी कॅल्क्युलेटर बाजूला सरकवला. मग म्हणाले, वीस डिसेंबरला प्रभागाची बैठक आहे, डेपोचे मॅनेजरही असतील. तिथे मांडा. पण आजवरच्या सगळ्या नोंदी लागतील, आणि एकही नोंद संशयास्पद निघाली तर सगळे डबे परत जमा. "मला वर उत्तर द्यावं लागतं. खेळणी म्हणतात तुमच्या डब्यांना."

खेळणी! बघून घेईन.

२५ नोव्हेंबर

बैठकीला पंचवीस दिवस राहिले.

२९ नोव्हेंबर

गल्लीला वेडच लागलंय! केस कापणारे काका गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून आकडा सांगतात. औषधवाल्या ताईंनी दुकानाबाहेर पाटी लावली, तिच्यावर रोज खडूने सकाळचा आकडा. लोक पाटीसमोर थांबतात. एक बाई म्हणाली, "काल एकशे नव्वद, आज दोनशे पाच. क्रिकेट आहे का हो?"

आईनेही विचारलं, "माझा किती?"

"आत्ता? एकशे ऐंशी."

"आणि बाकीच्यांचा?"

"चाळीस-पन्नास."

आई गालात हसली. "म्हणजे माझा पहिला नंबर!"

मी काय सांगणार. अकरा नंबर दिवसभर लालच असतो. डेपोच्या फाटकासमोर आहे ना! बैठकीसाठी मोठा तक्ता करायचा ठरवलाय, त्यात मधोमध अकरा नंबर. सगळ्यांत जोरदार पुरावा. आई रोज डबा फडक्याने पुसते. जाळी सोडून, मी शिकवलंय तसं.

५ डिसेंबर

बाबा दोन दिवस बोलत नाहीयेत. त्यांच्या हत्यारांच्या पेटीवर कुणीतरी खडूने लिहिलं — "हवामान खात्याचा बाप". मॅनेजरनेही बोलावून विचारलं म्हणे, मुलीला आवरता येत नाही का. हे मला आईकडून कळलं. बाबा जेवताना एकच शब्द बोलले — "मीठ."

मी बाबांच्या विरुद्ध नाही. त्यांना हे कसं सांगू? त्यांची नोकरी गेली तर? डबे काढून टाकावेत असं एक क्षण वाटलं. एकच क्षण. मग शाळेतली रांग आठवली.

८ डिसेंबर

सकाळी बाबांनी कामावरून परत आल्यावर हात धुतले आणि समोर बसले. "दाखव तो तुझा आलेख."

फोन दिला. बराच वेळ चष्मा वरखाली. मग तेलकट नखाने पडद्यावर एक जागा दाखवली. "ही पहिली पायरी, चार अठ्ठेचाळीसची. भिंतीकडची रांग. मी चालू करतो ती." नख पुढे सरकलं. "ही दुसरी, पाच वाजताची. आमचा बुटका. ही तिसरी. आणि इथे खाली का आलंय? हां, परवा तीन गाड्या दुरुस्तीला होत्या."

मी आ वासून बघत राहिले. पदवीच्या तीन वर्षांत मला आलेख असा वाचता आला नाही. बाबांनी त्यात माणसं वाचली.

शेवटी फोन परत दिला. "मीच चढवतो की गं हे."

मी फोन खिशात टाकला. बाबा म्हणाले, "चहा टाक."

१० डिसेंबर

बाबा ग्रेट आहेत! हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

माझ्याच तक्त्याच्या पाठीमागे त्यांनी चित्र काढून आणलं. डेपोच्या वर्कशॉपमध्ये हवेचा मोठा पंप आहे, टायर भरायला. रात्रभर नुसता बसून असतो. त्याचा पाइप गाड्यांच्या रांगेपर्यंत आणायचा, दर दोन गाड्यांमागे एक तोटी. टाकीत हवा बाहेरून भरायची. मग इंजिन सुटायच्या आधी पाच मिनिटं चालू केलं तरी पुरे. बॅटऱ्या? दहा-बारा खरंच मेलेल्या आहेत, त्या बदलाव्या लागतील. बाकीच्या ठीक.

"हे आधी का नाही सांगितलंत कुणाला?"

"कुणी विचारलंच नाही."

बुटके काकाही आले होते. पाइप किती फूट लागेल यावरून दोघांत जुंपली. हवामान खात्याचे दोन बाप!

१५ डिसेंबर

मास्तर संध्याकाळी वही घेऊन आले. अकरा नंबरच्या पानावर बोट.

"डेपो दुपारी दोनला काय करतो?"

"काही नाही, सर. रिकामा असतो."

"मग ही एकटी दुपारी दोनला लाल का?"

मी फाटक, रस्ता, वारा असं काहीबाही सांगत गेले. मास्तर थांबले. माझं संपल्यावर म्हणाले, "खाली जाऊन बघून ये."

गेले. आई इस्त्रीत नवे कोळसे भरून पुठ्ठ्याने वारा घालत होती. ठिणग्या उडत होत्या. डबा दोन हातांवर. मी फोन पाहिला. दोनशे चाळीस.

इस्त्री! कोळशाची इस्त्री! आणि मी बावळट एक महिना डेपोला दोष देत बसले. मोठा तक्ता छापून झालाय. मधोमध अकरा नंबर, लाल भडक.

१६ डिसेंबर

दिवसभर भांडले स्वतःशी. कुणाला कळणार आहे? चौदातला एक. आणि तोच तर सगळ्यांत जोरदार. काकू म्हणाल्या, "राहू दे गं, चांगल्या कामासाठी आहे."

पण साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, एक जरी संशयास्पद निघाली तर सगळे जमा. आणि कळो न कळो, मला कळलंय ना. खोट्या नोंदीवर उभं राहून खरं कसं बोलू?

अकरा नंबर बाद. वहीतल्या सगळ्या पानांवर लाल पेनने रेघ मारली. नवा तक्ता हाताने काढते.

१७ डिसेंबर

डबा काढायला गेले तर आईचा चेहरा पडला. "माझाच का? मी रोज पुसत होते की. काय चुकलं माझं?"

"तुझं नाही गं काही. तुझ्या इस्त्रीचा धूर मोजत होता तो. डेपोचा नाही."

"म्हणजे नापास?"

"डबा नापास. तू नाहीस."

आईने मान हलवली आणि पुढचा शर्ट घेतला. कॉलर आधी, मग बाह्या. खुंटी रिकामी बघवेना म्हणून तिथे तिने फडकं अडकवलं.

२० डिसेंबर

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या विसरेन.

सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. काका दुकान बंद करून आले. बंद! त्यांच्या लग्नाच्या दिवशीही अर्धा दिवस उघडं होतं म्हणतात. शाळेच्या मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत. बाबा मागे, भिंतीला टेकून, डेपोच्या गणवेशात.

मी सुरुवातच अकरा नंबरने केली. "चौदा डब्यांपैकी अकरा नंबरच्या नोंदी मी बाद केल्या आहेत. चूक माझी. इस्त्रीच्या जागेवर लावला होता. उरलेले तेरा बघा."

साहेबांनी समोरचं पाकीट हळूच फाइलीखाली सरकवलं. नंतर त्यांनीच सांगितलं — त्यात आईच्या इस्त्रीचा फोटो होता. मागच्या आठवड्यात स्वतः येऊन काढला होता! बैठकीत तोच टाकणार होते आणि सगळं प्रकरण तिथेच संपवणार होते. "तुम्ही आधीच सांगितलंत. मग माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही."

मॅनेजर म्हणाले, गाड्या चालू केल्याशिवाय ब्रेकला हवा कशी येणार, तुमच्या डब्यातून? लोक हसले. मी तक्त्याची पानं उलटायला लागले. आणि मागून बाबांचा आवाज आला. "वर्कशॉपच्या पंपातून, साहेब."

बाबा चारचौघांत कधी बोलत नाहीत. पाहुण्यांपुढेही नाही. ते पुढे आले, घडी घातलेला कागद उघडला आणि पाच मिनिटांत सगळं समजावलं. किती पाइप, किती तोट्या, कुठल्या गाड्यांच्या बॅटऱ्या मेल्यात — गाड्यांचे नंबर तोंडपाठ. मॅनेजरने विचारलं, "हे तुम्ही काढलंत?" बाबा म्हणाले, "आम्ही दोघांनी. आकडे मुलीचे, पाइप माझा."

ठराव मंजूर. पंधरा दिवस करून बघायचं, डबे जागेवर राहणार. टाळ्या! काकूंनी शिट्टी वाजवली — दोन बोटं तोंडात घालून! कुठे शिकल्या असतील?

घरी येऊन आईला सगळं दोनदा सांगितलं. बाबांचं वाक्य तिसऱ्यांदा सांगायला लावलं तिने.

२ जानेवारी

पाइप लागला. पिवळा आहे. बाबा रोज त्याच्या तब्येतीची बातमी आणतात.

५ जानेवारी

पहाटे सगळे पालक आपापल्या डब्याजवळ. मी भिंतीपाशी, बोटं गारठलेली. पावणेपाच — शांत. पाच — शांत. गल्लीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पलीकडून फक्त हवा भरल्याचा फस्स-फस्स आवाज. मग साडेपाचला एक गाडी चालू झाली आणि सुटलीसुद्धा. मग दुसरी.

सव्वासहाला, जिथे दोनशे बारा असायचे तिथे — अठ्ठावन्न!

हिरवा! काकू वरून ओरडल्या, "माझा हिरवा!" काका दुकानाच्या दारातून, "माझाही!" तेरा घरांतून तेरा आवाज. सात वाजता मुलं पाढे म्हणायला लागली आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बेचा पाढा संपला, तीनचाही संपला. रडले थोडी. लिहायला लाज कसली.

९ जानेवारी

साहेब स्वतः गल्लीत आले! आणखी सहा प्रभागांना असे डबे द्यायचे ठरलंय, आणि तिथल्या पालकांना शिकवायचं काम मला. बाबांच्या पेटीवर नवीन काहीतरी लिहिलंय. विचारलं तर सांगत नाहीत, पण पुसलेलं नाही.

साहेबांना पूर्ण अहवाल हवाय. चांगल्या नोंदी तर हव्यातच, बाद केलेल्याही, आणि प्रत्येकीपुढे बाद करण्याचं कारण.

१२ जानेवारी

अहवाल लिहायला बसले. अकरा नंबर: दिवसा सरासरी एकशे नव्वद. डेपोची सगळ्यात वाईट सकाळ दोनशे बारा, तीही अर्धा तास.

आईचा आवाज कायम बसलेला असतो. आम्ही म्हणतो, तिचा आवाजच तसा.

कारणाच्या रकान्यात मी लिहून मोकळी झाले होते — "ही गल्लीची हवा नाही." आई तिथे रोज नऊ तास उभी असते. एकवीस वर्षं.